हाफ-टन पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर किंवा बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांसमोर आता एफ-150, सिल्व्हराडो 1500, रॅम 1500 किंवा टुंड्रा उभी दिसते. ट्रक आला की एखाददोन उन्हाळ्यांत ट्रेलरचा किंवा बोटीचा विषय निघतोच. ही उत्तरे ट्रेलर घेण्याआधी वाचली तर जास्त उपयोगी पडतील. डीलरकडे सही झाल्यावर ट्रेलरचे वजनही बदलता येत नाही आणि ट्रकची ताकदही.

हाफ-टन म्हणजे अर्धा टनच वजन नेता येते का?

नाही, ते जुने नाव आहे. अमेरिकी टन 2,000 पाउंडांचा. त्याच्या निम्मे, म्हणजे 1,000 पाउंड (सुमारे 450 किलो) वजन वाहणारा ट्रक तो हाफ-टन, असा पूर्वीचा हिशेब होता. आजचे हाफ-टन साधारण 1,300 ते 2,000 पाउंड वाहतात, काही खास जोडण्यांत त्याहून जास्त. मात्र एकाच मॉडेलचे, एकाच वर्षाचे दोन ट्रक शेजारी उभे केले तरी त्यांच्या क्षमतेत 400-500 पाउंडांचा फरक निघू शकतो. चार चाकांचा ड्राइव्ह, मोठी केबिन, पॅनोरमिक सनरूफ, चामड्याची विजेवर हलणारी सीट, या प्रत्येक गोष्टीचे वजन त्या क्षमतेतूनच वजा होते. त्यामुळे सगळ्या सुखसोयींचा महागडा ट्रक बहुतेक वेळा साध्या ट्रकपेक्षा कमी वाहतो.

कंपनी म्हणते हा ट्रक 11,000 पाउंड ओढतो. मग 8,000 पाउंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर सहज चालेल ना?

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

ओढण्याचा तो आकडा एसएई जे2807 या मानकाप्रमाणे काढलेला असतो. टोयोटाने तो 2011 च्या टुंड्रासाठी सर्वांत आधी स्वीकारला, बाकीच्या कंपन्या नंतर आल्या. मानक चांगले आहे. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने आकडे छापत असे. या मानकात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ आहे: बुलहेड सिटीकडून वर जाणारा 11.4 मैलांचा रस्ता, 100 अंश फॅरनहाइटची उष्णता, एसी पूर्ण सुरू, आणि तरीही हाफ-टनाचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची खरी परीक्षा होते.

पण त्या परीक्षेत ट्रकमध्ये फक्त दोन माणसे धरलेली असतात, प्रत्येकी 150 पाउंडांची. मागे मुले नाहीत, कुत्रा नाही, बेडमध्ये (ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात) जनरेटर आणि सायकली नाहीत, कूलर नाही. शिवाय ट्रेलरचा ट्रकवर पडणारा भार 10 टक्केच मानलेला असतो. खऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरचा तो 12 ते 14 टक्के असतो.

दुसरी गोष्ट हवेची. 11,000 पाउंडांची बोट किंवा विटांनी भरलेला सपाट ट्रेलर वेगळा आणि आठ फूट रुंद, दहा-अकरा फूट उंच ट्रॅव्हल ट्रेलर वेगळा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मागे बांधलेली भिंत. म्हणूनच मालकपुस्तिकेत वजनाबरोबर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. ती फार थोडे लोक वाचतात.

इंजिन 8,000 पाउंड ओढेल यात शंका नाही. ट्रकच्या मागच्या ॲक्सलला, टायरांना, स्प्रिंगांना आणि ब्रेकना ते झेपेल का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जाहिरातीत नसते, ट्रकच्या दारात चिकटवलेले असते.

दारातला तो आकडा कुठला?

चालकाचे दार उघडा. खांबावर टायर आणि भार यांची माहिती देणारा पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर वाक्य असते की माणसे आणि सामान मिळून वजन अमुक पाउंडांपेक्षा जास्त होता कामा नये. तो तुमच्या ट्रकचा पेलोड, त्या एका ट्रकसाठी कारखान्यात काढलेला. ट्रेलरचा जो भार हिचवर (ट्रक आणि ट्रेलर यांच्या जोडणीवर) पडतो, तोही याच आकड्यातून जातो.

एक हिशेब करून पाहू. समजा स्टिकरवर 1,560 पाउंड लिहिले आहे. चौघांचे कुटुंब 620 पाउंड. केबिनमधले आणि बेडमधले सामान 150. वजन वाटून देणारा हिच 90. बेरीज 860. उरले 700 पाउंड.

आता भरल्यावर 6,800 पाउंड होणारा ट्रेलर जोडा. 13 टक्क्यांनी हिचवरचा भार 884 पाउंड. ट्रक 184 पाउंडांनी ओव्हरलोड झाला, आणि जाहिरातीतल्या 11,000 पासून तुम्ही अजून 4,200 पाउंड लांब आहात! त्याऐवजी भरल्यावर 5,000 पाउंड होणारा ट्रेलर घेतला तर भार 650, एकूण 1,510. बसला, तोही जेमतेम 50 पाउंड राखून.

मेमध्ये पुण्याहून आई-बाबा आले आणि तेही ट्रकमध्ये बसले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. दोघांचे 280 पाउंड धरले तर तो 5,000 पाउंडांचा ट्रेलरही त्या सहलीसाठी जड ठरतो. त्या वेळी दुसरी गाडी सोबत न्या.

ब्रोशरमध्ये ट्रेलरचे वजन 4,900 पाउंडच आहे. तेच धरायचे ना?

ते कोरडे वजन आहे. त्यात पाणी नाही, बॅटरी बहुधा नाही, तुमचे एकही भांडे नाही. पाण्याचे वजन गॅलनला 8.3 पाउंड. 40 गॅलनची टाकी भरली की 330 पाउंड वाढले. प्रोपेनचे दोन भरलेले 20 पाउंडी सिलिंडर साधारण 75 पाउंड. मग गाद्या, खुर्च्या, चांदणी, अवजारे, कुकर, तांदूळ, मुलांचे कपडे. साधे कुटुंब 800 ते 1,200 पाउंड सामान सहज भरते.

म्हणून ट्रेलर निवडताना कोरड्या वजनाकडे पाहूच नका. ट्रेलरच्या बाहेरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरचे कमाल वजन, लिहिलेले असते. ते धरा आणि त्याचे 13 टक्के काढा. हा आकडा पेलोडमध्ये बसला तर पुढे बोला. विक्रेता "तुमचा ट्रक हा आरामात ओढेल" म्हणाला तर त्याला दाराचा स्टिकर दाखवा आणि कागदावर बेरीज करून मागा.

हिचवरचा भार कमी ठेवला तर पेलोड वाचेल. सामान मागे सरकवू का?

कृपा करून असे करू नका. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर हवाच. तो 10 टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलरचे शेपूट जड होते, आणि वाऱ्याचा एक झोत किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक त्याला डोलायला लावतो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकलींचा रॅक लावणे ही यातली नेहमीची चूक. वजन 150 पाउंडच असते, पण ते ॲक्सलपासून इतके लांब असते की पुढचा भार लक्षात येण्याजोगा उचलला जातो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे तेही पाहून ठेवा. मागे असेल तर भरलेल्या टाकीने हिचवरचा भार घटतो.

जड सामान ॲक्सलच्या थोडे पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवा.

वजन वाटून देणारा हिच लावला की पेलोड वाढतो का?

वाढत नाही. हा गैरसमज चांगल्या अनुभवी लोकांमध्येही आहे.

साध्या बॉलवर (हिचच्या टोकावरच्या गोळ्यावर) जड ट्रेलर ठेवला की ट्रकचे शेपूट बसते आणि नाक वर येते. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर पडतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे दोन स्प्रिंग-बार त्यातला काही भार पुढच्या ॲक्सलवर परत नेतात आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतात. ट्रक सरळ उभा राहतो, चालवायला स्थिर वाटतो. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी मी तो आवश्यक मानतो. पण ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर, ॲक्सलच्या मर्यादा, टायरांची क्षमता यांतले काहीच त्याने बदलत नाही.

रिसीव्हरच्या (हिच जिच्यात घालतात त्या ट्रकमागच्या चौकोनी नळीच्या) खाली एक लेबल असते, तेही वाचा. त्यावर दोन ओळी असतात: असा हिच नसताना किती आणि असताना किती. पुष्कळ हाफ-टनांवर पहिल्या ओळीत 5,000 पाउंड ट्रेलर आणि 500 पाउंड भार एवढेच लिहिलेले आढळते. पुढच्या ॲक्सलवर किती भार परत आणायचा याचे प्रत्येक कंपनीचे सांगणे वेगळे आहे. ते मालकपुस्तिकेतून घ्या, शेजाऱ्याकडून नको.

हे सगळे मोजायचे कुठे?

महामार्गावरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल असतो. थोड्या डॉलरांत वजन होते आणि प्रत्येक ॲक्सलचा आकडा छापलेला कागद हातात येतो. एकदा सगळे कुटुंब, भरलेली टाकी आणि सामान घेऊन फक्त ट्रकचे वजन करा. मग ट्रेलर जोडून, स्प्रिंग-बार सैल सोडून. शेवटी बार ताणून.

वरचाच ट्रक घेऊ. एकट्याचे वजन 6,350 आले. ट्रेलर जोडल्यावर, बार न ताणता, ट्रकच्या दोन ॲक्सलांची बेरीज 7,000 आली. फरक 650, हा हिचवरचा भार. ट्रेलरच्या ॲक्सलांवर 4,350 दिसले. दोन्ही मिळून ट्रेलर 5,000 पाउंड, म्हणजे भार बरोबर 13 टक्के. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर 7,050 असेल तर तुम्ही मर्यादेत आहात. तिसऱ्या वजनात पुढच्या ॲक्सलचा आकडा किती परत आला ते कळते.

पहिल्या मोठ्या सहलीआधी अर्धा दिवस यासाठी काढा. अंदाजाने ओढणाऱ्या माणसांपैकी फार जणांना आपला ट्रक जास्त भरला आहे हे माहीतच नसते.

ट्रेलरचे ब्रेक आणि ब्रेक कंट्रोलर कितपत गरजेचे आहेत?

पूर्णपणे गरजेचे. ट्रकचे ब्रेक ट्रक थांबवण्यासाठी बनवलेले आहेत. मागच्या पाच हजार पाउंडांना त्यांचे स्वतःचे ब्रेक हवेत. कायदा राज्यागणिक बदलतो: पुष्कळ राज्यांत 3,000 पाउंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात ही मर्यादा 1,500 पाउंड आहे, ऑन्टेरियोत 1,360 किलो.

ट्रॅव्हल ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात आणि ते चालवायला केबिनमध्ये कंट्रोलर लागतो. टोइंग पॅकेज घेतलेल्या बऱ्याच ट्रकांत तो बसवलेलाच येतो. बाहेरून घेणार असाल तर प्रपोर्शनल प्रकारचाच घ्या. ट्रक जितका जोरात थांबतो तितक्याच जोरात तो ट्रेलर थांबवतो. स्वस्त टाइम-डिले प्रकार ठरलेल्या गतीने ब्रेक वाढवत जातो, रहदारीत ते धक्केदार होते.

गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत याची सेटिंग) ठरवण्यासाठी मोकळे, सपाट, कोरडे आवार शोधा. ताशी 20-25 मैलांवर कंट्रोलरचा हाताचा खटका पूर्ण दाबा. ट्रेलरने ट्रकला मागून जोरात धरून ठेवल्यासारखे वाटले पाहिजे, पण चाके घसरता कामा नयेत. रिकामा ट्रेलर, भरलेला ट्रेलर आणि पाऊस यांसाठी गेन वेगवेगळा लागतो.

ट्रेलर डोलायला लागला तर काय करायचे?

ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, डोलण्याच्या उलट फिरवत बसू नका. ब्रेकचे पेडल दाबू नका. हाताने कंट्रोलरचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ते ट्रेलरला मागे ताणून सरळ करतात. वेग वाढवून बाहेर पडता येते असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नका. डोलणे वेगाबरोबर वाढते, आणि त्या वेळी तुमचे कुटुंब ट्रकमध्ये असते.

तो खटका कुठे आहे हे हाताला न बघता कळले पाहिजे. घरून निघण्याआधी दहा वेळा दाबून पाहा. नवीन ट्रकांत डोलणे ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती मदत करते, चुकीचे भरलेले सामान सुधारत नाही. डोलणे थांबल्यावर पुढच्या सुरक्षित जागी उभे राहा आणि कारण शोधा: सामान, टायरची हवा, वेग, वारा. वायोमिंगमध्ये आय-80 वर जोरदार वारा असला की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद करतात. ट्रॅव्हल ट्रेलर त्यातच मोडतो. त्या दिवशी मुक्काम वाढवावा.

वेग किती ठेवावा?

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी 55 मैलांची कमाल मर्यादा आहे, रस्त्यावर 70 ची पाटी असली तरी. इतरत्र मी 60-62 च्या वर जाऊ नका असे म्हणेन. ट्रेलरचे पुष्कळ एसटी (खास ट्रेलरसाठी बनवलेले) टायर 65 मैलांसाठीच ठरवलेले असतात. नव्यांपैकी काहींवर जास्त वेगाचे अक्षर असते, ते टायरच्या भिंतीवर पाहा. पुढच्या गाडीपासून किमान पाच सेकंदांचे अंतर ठेवा.

टायरांचे काय?

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि आत रबर सुकलेले असते. भिंतीवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना, ट्रेलरच्या स्टिकरवर लिहिली असेल तितकी भरा. कमी हवा हे टायर फुटण्याचे मोठे कारण आहे, कारण टायर वाकून वाकून तापतो. चाकांचे नट पहिल्या 50 मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. प्रत्येक थांब्यावर हबजवळ हात नेऊन पाहा. एक हब बाकीच्यांपेक्षा फार गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकला आहे.

डोंगरात, घाटात काय काळजी घ्यावी?

चढाला टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्क्यांनी घटते. कोलोराडोत आय-70 वरचा आयझेनहावर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे. तिथे समुद्रसपाटीवरच्या ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. उजव्या लेनमध्ये हळू चढा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

खरा धोका उताराला आहे. बे एरियातून टाहोला जाणारे आय-80 वरून डॉनर समिटजवळ 7,200 फुटांपर्यंत चढतात आणि परतीला तेवढेच उतरतात. लॉस एंजेलिसकडून उत्तरेला जाताना ग्रेपव्हाइनचा 6 टक्क्यांचा उतार आहे. टो/हॉल मोड (ओझे ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) आधी लावा. उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, वेग कमी करून खालचा गिअर घ्या. इंजिनला धरून ठेवू द्या. वेग वाढलाच तर ब्रेक दमदार लावा, वेग दहा मैलांनी खाली आणा आणि पाय पूर्ण काढा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात, आणि पेडल मऊ झाल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठीचे वाळूचे रॅम्प वाटेत दिसतात. गरज पडली तर लाजू नका, ते तुमच्यासाठीही आहेत.

जोडताना काय काय तपासावे?

बॉलचा आकार कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर) लिहिलेलाच असतो. बोटींना बहुधा 2 इंच, मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरना 2-5/16 इंच. 2-5/16 च्या कपलरमध्ये 2 इंचाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. कपलरचा खटका लावून पिन घातली की जॅकने ट्रेलरची दांडी थोडी वर उचला. ट्रकचे शेपूट बरोबर वर आले तर पकड पक्की आहे.

सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्या, म्हणजे कपलर सुटला तर दांडी त्यांच्यावर झेलली जाते. रस्त्याला घासणार नाहीत आणि वळताना ताणणार नाहीत इतकीच लांबी ठेवा. ब्रेकअवेची तार साखळीला किंवा बॉलमाउंटला (बॉल बसवलेल्या दांड्याला) अडकवू नका. ती रिसीव्हरच्या किंवा फ्रेमच्या पक्क्या जागी वेगळी लावा. तिचे काम ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक लावण्याचे आहे, आणि बॉलमाउंटच निसटले तर तार त्याच्याबरोबरच जाईल. दुसऱ्या माणसाला मागे उभे करून दिवे पाहा. जॅक वर आहे, पायऱ्या आत आहेत, चांदणी बांधली आहे, चाकांखालच्या पाचरी काढल्या आहेत, हे निघण्याआधी एकाने वाचून दुसऱ्याने तपासावे.

रिव्हर्स जमत नाही.

हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचे शेपूट ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला हात न्या. फार हळू, फार थोडे. कोन वाढला की पुढे जाऊन सरळ करा, त्यात कमीपणा नाही. रविवारी सकाळी शाळेचे रिकामे पार्किंग आणि चार शंकू एवढे पुरते. मागे उभा राहणारा माणूस आरशात दिसलाच पाहिजे. तो दिसेनासा झाला की तिथेच थांबायचे.

बोट ओढणे ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा सोपे आहे का?

रस्त्यावर, हो. बोट खाली असते आणि हवा कापते. हिचवरचा भारही कमी, साधारण 5 ते 10 टक्के. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा) खांब पुढेमागे सरकवून तो जुळवता येतो. पण वजनात फसवणूक इथेही आहे. ब्रोशरमधल्या वजनात ट्रेलर धरलेला नसतो, आउटबोर्ड बोटींच्या बाबतीत पुष्कळदा इंजिनही नसते. पेट्रोल गॅलनला सुमारे 6 पाउंड. 21 फुटांची बोट ट्रेलर, इंधन आणि सामानासह 5,000 पाउंडांच्या आसपास जाते. रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो.

बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. ट्रक थांबू लागला की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या दाबानेच ब्रेक लागतात. त्यांना कंट्रोलर लागत नाही. मात्र चढावर रिव्हर्स घेताना तेच ब्रेक अडवतात. म्हणून पाच तारांचा प्लग असतो, ज्याची पाचवी तार रिव्हर्सच्या दिव्याबरोबर ब्रेक मोकळे करते. सात पिनांवरून योग्य ॲडॉप्टर घ्या. चार पिनांचा प्लग लावून दिवे लागतील, रिव्हर्स होणार नाही.

रॅम्पवर काय करायचे?

सगळी तयारी रॅम्पपासून दूर, तयारीच्या जागेत करा: सामान चढवणे, मागचे पट्टे सोडणे, दोर बांधणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्रेन प्लग (बोटीच्या तळाचे बूच) घट्ट लावणे. लांबच्या प्रवासानंतर चाकांचे हब थंड होऊ द्या. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि काही महिन्यांनी बेअरिंग जाते. विंचचा पट्टा आणि नाकाची साखळी बोट पाण्यात तरंगू लागेपर्यंत सोडू नका. ओल्या रॅम्पवर बोट ट्रेलरवरून काँक्रीटवर घसरते.

ट्रक पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, शक्य तर चाकाखाली पाचर. मुले ट्रकच्या बाहेर, रॅम्पच्या बाजूला. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ट्रेलरचे ब्रेक गोड्या पाण्याने भरपूर धुवा.

तलावावर बोट का तपासतात?

झीब्रा आणि क्वागा शिंपल्यांमुळे. क्वागा 2007 मध्ये लेक मीडमध्ये सापडले, टेक्सासमध्ये झीब्रा 2009 मध्ये लेक टेक्सोमात, आणि 2024 मध्ये कॅलिफोर्नियात सोनेरी शिंपले आले. त्यांची पिल्ले उरलेल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात, पाणीपुरवठ्याचे पाइप बुजवतात, माशांचे अन्न संपवतात. बोट बाहेर काढल्यावर वनस्पती काढा, सगळे पाणी सांडा, बोट पूर्ण सुकू द्या. टाहोमध्ये तपासणीशिवाय मोटारबोट उतरवताच येत नाही. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये पाणी पूर्ण काढून टाकलेली बोटच रस्त्याने नेण्याचा नियम आहे. हे नियम मनापासून पाळा. तलाव एकदा बिघडला की परत दुरुस्त होत नाही.

प्रवासात आई-बाबांना ट्रेलरमध्ये झोपू द्यावे का?

नाही. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पट्टे असलेल्या सीट नसतात, आणि बहुतेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये बसणे बेकायदा आहे.

लायसन्स आणि विमा?

हाफ-टनाच्या आवाक्यातल्या ट्रेलरला बहुतेक ठिकाणी नेहमीचे लायसन्स पुरते. कॅलिफोर्नियात 10,000 पाउंडांवरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला वेगळे लायसन्स लागते, ऑन्टेरियोत जी लायसन्सवर 4,600 किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. विम्याचे मात्र नीट विचारा. गाडीच्या पॉलिसीतली दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी सहसा ट्रेलरला लागू होते, ट्रेलरचे स्वतःचे नुकसान सहसा होत नाही. लेखी उत्तर घ्या.

तीन-चतुर्थांश टनाचा ट्रक घ्यावा का?

तुमच्या माणसांचा आणि सामानाचा हिशेब करून भरलेला ट्रेलर 6,000 पाउंडांच्या वर जात असेल आणि वर्षातून बरेच आठवडे डोंगरात फिरणार असाल तर हो, एफ-250 किंवा 2500 च्या वर्गात जा. नाहीतर ट्रेलर लहान घ्या. चौघांसाठी 22-23 फूट पुष्कळ होते. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने घ्या. मालक कॅम्पग्राउंडवर आणून उभा करून देतो अशीही सोय मिळते. इंधनाची तयारी ठेवा: एरवी गॅलनला 20 मैल देणारा ट्रक ट्रॅव्हल ट्रेलरसह 9-10 वर येतो. विजेच्या ट्रकची रेंजही साधारण निम्मी होते.

न्यू जर्सीहून निघताना रस्त्याची काही वेगळी काळजी?

दोन गोष्टी. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलर नेण्यास मनाई आहे आणि तिथले पूल फार ठेंगणे आहेत. फोनमधला नेहमीचा नकाशा हे सांगत नाही, म्हणून ट्रेलरची उंची टाकता येईल असे नेव्हिगेशन वापरा आणि तुमची खरी उंची, छतावरच्या एसीसह, डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. दुसरे, दक्षिणेला जाताना लागणारे बाल्टिमोर. तिथल्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांतून 10 पाउंडांहून मोठा प्रोपेन सिलिंडर नेता येत नाही, आणि ट्रॅव्हल ट्रेलरवरचे सिलिंडर सहसा 20 किंवा 30 पाउंडांचे असतात. पूर्वी लोक आय-695 च्या की ब्रिजवरून जात. तो पूल 26 मार्च 2024 रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला. आता आय-695 च्या पश्चिमेकडच्या वळशाने शहराला फेरी घालून पुन्हा आय-95 ला लागा.